बँडविड्थ कोण खातंय?

मी आयुष्यात एकदाच चोर पकडला. आणि तेव्हापासून गेवराईतून मोटारसायकलवर जाताना हेल्मेटची काच खाली ओढून घेतो. अपघाताची भीती नाही हो! कुणी ओळखू नये म्हणून.

आता विषय काढलाच आहे, तर सगळं सांगूनच टाकतो. पोटात ठेवून ठेवून ॲसिडिटी व्हायला लागली आहे. हसायचं तर हसा, फक्त हातातला चहा सांभाळा.

मी बीडला राहतो. कॉम्प्युटरच्या नेटवर्कची कामं करतो. शाळा, दवाखाने, दुकानं, जिथं दोनापेक्षा जास्त कॉम्प्युटर आहेत तिथं तारा ओढायला आणि सर्व्हर बसवायला मला बोलावतात. माझं शिक्षण डिप्लोमा, पण लोक 'इंजिनिअर साहेब' म्हणतात. मी कधी कुणाला दुरुस्त केलं नाही. रोज पाच-पंचवीस वेळा 'साहेब' ऐकलं की माणूस जरा फुगतोच. मी जरा जास्तच फुगलो होतो, त्याचाच हा किस्सा.

गेवराईला मुश्ताकभाईंची फोटो-अल्बमची लॅब आहे. आजूबाजूच्या गावांतले फोटोग्राफर लग्नं शूट करतात, मेमरी कार्डं आणून मुश्ताकभाईंच्या हातात ठेवतात, आणि पुढचं सगळं लॅब करते. अल्बम, व्हिडिओ, नवऱ्या मुलाच्या तोंडावरच्या पुटकुळ्या पुसणं, रुसलेल्या मामाला कडेनं कापणं, सगळं. सहा कॉम्प्युटर आहेत आणि कोपऱ्यात एक सर्व्हर. सगळे फोटो त्या सर्व्हरवर, आणि सहाही टेबलांवरची माणसं तिथूनच फाईल उघडतात. पेन ड्राईव्ह घेऊन कुणी कुणाकडं पळायचं नाही. आमच्या भाषेत ही सामायिक नेटवर्क फाईल सिस्टीम. मुश्ताकभाईंच्या भाषेत 'बडी पेटी'.

भर लग्नसराईत त्यांचा फोन आला.

"साहेब, पेटी झोपली."

"म्हणजे बंद पडली?"

"बंद न्हाई हो, झोपली! फोटो उगडायला टाकला की अर्धा उगडतोय आन् थांबतोय. नवरीचं कपाळ दिसतंय, तोंड न्हाई. पोरी वैतागल्यात. तुमी या."

दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो. दुखणं सरळ होतं. सर्व्हरमध्ये मेमरी होती अगदीच थोडी, कुठल्या तरी जुन्या काळातली. मुश्ताकभाईंना मी समजावून सांगितलं, "हे बघा भाई, किराणा दुकानात साखर, चहापत्ती, तेल हे रोज लागणारं सामान हाताशी ठेवतात की नाही? दर गिऱ्हाईकामागं गोडाऊनला पळालं तर दुकान चालेल का? सर्व्हरची मेमरी म्हणजे हाताशी ठेवलेलं सामान. ज्या फाईली सारख्या लागतात त्या तिथं राहतात. तुमच्याकडं जागाच नाही, म्हणून पेटी दर वेळी गोडाऊनला पळतीय."

"आन् बँडविड्थ बँडविड्थ म्हणायलेत ते काय हाय?"

"तो सामान न्यायचा रस्ता. तुमची पायवाट आहे, हायवे पाहिजे."

मेमरी आठपट केली. तारा जिथं एकत्र येतात तो जुना डबा, म्हणजे स्विच, काढून नवा वेगवान बसवला. एका वेळी किती जणांच्या मागण्या सर्व्हरनं घ्यायच्या, फाईलचा एका वेळी केवढा तुकडा पाठवायचा, ते आकडे वाढवले. दुपारी चारला सगळे टेबलावर बसले आणि पेटी अशी पळायला लागली की विचारू नका.

आत व्हिडिओ मिक्सिंगला विठ्ठल बसतो. जाडजूड, शांत माणूस. तो बाहेर येऊन म्हणाला, "साहेब, पयले क्लिक करून तंबाखू मळायचो, चुना लावायचो, मग फाईल उगडायची. आता डबी काढायच्या आतच उगडायलीय. माझं व्यसन सुटतंय वाटतं."

झालं! काम झालं होतं. हा किस्सा इथंच संपायला पाहिजे होता. शहाण्या माणसानं बॅग उचलली असती, मुश्ताकभाईंचा चहा घेतला असता आणि बीडचा रस्ता धरला असता.

पण मला कोण शहाणा म्हणतं?

मी म्हणालो, "भाई, हे तर नुसतं वरवरचं झालं. खरं ट्यूनिंग बाकी आहे. उद्या येतो."

दुसऱ्या दिवशी अकराला पोचलो. लॅबमध्ये एकच रिकामी खुर्ची होती, नसरीनच्या टेबलाशेजारी, पंख्याखाली. ही नसरीन म्हणजे लॅबची मुख्य डिझायनर. वडील बसस्टँडजवळ गाड्यांचे मेकॅनिक. सहा वर्षांपासून ती इथंच काम करते, बोलणं मोजकं, हात मात्र मशीनसारखा. तिच्या टेबलाखाली तारा जोडायचा एक छोटा डबा होता. त्यात तिचा कॉम्प्युटर, प्रिंटर आणि दोन रिकाम्या जागा. मी माझा लॅपटॉप तिथं जोडला आणि बाह्या सरसावल्या.

अर्ध्या तासात आतून विठ्ठलचा आवाज आला. "साहेब, परत झोपली ओ!"

खरं सांगतो, मला बरं वाटलं. बघा, म्हटलं होतं ना, खरं ट्यूनिंग बाकी आहे!

मी आकडे बदलायला लागलो. तुकडा मोठा केला, लहान केला. मागण्या वाढवल्या, कमी केल्या. काही फरक नाही. दोन वाजले, लॅपटॉप बॅगेत टाकून जेवायला गेलो. लॅपटॉपला मी एकटं सोडत नाही, जेवायलाही बरोबर नेतो. परत आलो तर मुश्ताकभाई खूश.

"साहेब, तुमी गेलते तवा एकदम फास्ट झालतं! काय केलं?"

आता मी काय केलं होतं? मेथीची भाजी आणि दोन भाकरी खाल्ल्या होत्या. पण तसं कसं सांगणार? मी गंभीर चेहरा करून म्हणालो, "सेटिंग लागू पडायला थोडा वेळ लागतो, भाई."

लॅपटॉप जोडला. वीस मिनिटांत पेटी पुन्हा झोपली.

"आन् आता?"

"लागू पडतंय, पण टिकत नाही."

असं तीन दिवस चाललं. मी यायचो, पेटी झोपायची. मी जायचो, पेटी उठायची. तुम्हाला आत्ता जे कळलं ते तिथं कुणालाच कसं कळलं नाही, असं विचाराल. कळलं होतं हो! नसरीनला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. ती हळूच म्हणाली होती, "साहेब, राग नका मानू, पण तुमी आले की असं होतंय."

मी हसलो. "ताई, डॉक्टर आला की पेशंट जास्तच कण्हतो."

ती मान खाली घालून कामाला लागली. मी माझ्याच विनोदावर खूश होऊन आणखी चार आकडे बदलले.

या तीन दिवसांत एक बाई रोज लॅबबाहेरच्या बाकड्यावर येऊन बसायच्या. कौसाबाई नाव, नारायणगडाकडच्या. त्यांच्या मुलीचं लग्न झालं होतं, जावई फौजेत. त्याची सुट्टी संपत आली होती आणि तो मुलीला घेऊनच पार आसामकडं निघाला होता. लग्नाचा व्हिडिओ मुलीबरोबर द्यायचा, एवढंच कौसाबाईंचं म्हणणं.

"तिकडं आपलं मानूस न्हाई की बोली न्हाई," त्या मला सांगत होत्या. "करमंना झालं तर बगंल बिचारी. तिच्या आज्यानं लग्नात नाच केलाय. त्यो पुन्हा कवा दिसंल तिला?"

विठ्ठल तो व्हिडिओ जोडत होता. पण पेटी मध्येच झोपली की व्हिडिओ अडकायचा, आणि अडकला की पहिल्यापासून. मुलगी शुक्रवारी निघणार होती. बुधवार उजाडला होता.

मी कौसाबाईंना म्हणालो, "मावशी, काळजी करू नका. मी आहे ना!"

तोच तर प्रॉब्लेम होता.

बुधवारी मी ठरवलं, आता शास्त्रीय पद्धतीनं जायचं. सर्व्हरवर नोंद चालू केली, की कोणता कॉम्प्युटर किती माल ओढतोय. दहा मिनिटांत पडद्यावर चित्र आलं. पाच-सहा कॉम्प्युटर आपले घोट घोट पीत होते, आणि एक पत्ता मात्र हौदाला तोंड लावून बसला होता. जवळजवळ सगळा रस्ता एकटा खात होता!

मी खुर्चीतून उठून ओरडलो, "भाई! कुणीतरी बँडविड्थ खातंय!"

मुश्ताकभाई चहाचे कप घेऊन येत होते. तिथंच थांबले. "खातंय? कोण खातंय?"

"थांबा, काय खातंय तेही बघतो." मी आणखी खोलात गेलो. तो पत्ता एक-दोन फाईली उघडत नव्हता. तो सगळी लग्नं ओळीनं उचलत होता! आधी अ ची, मग आ ची. अंकुश-अर्चना झालं, अनिल-वर्षा झालं, आता आरिफ-शाहीन चाललं होतं.

"भाई," मी आवाज खाली आणला, "हे नुसतं खाणं नाही. ही चोरी आहे. कुणीतरी तुमची सगळी पेटी कॉपी करून न्यायलंय."

मुश्ताकभाईंनी कप टेबलावर ठेवले. चेहरा उतरला होता. हायवेच्या पलीकडं दोन महिन्यांपूर्वी एक नवी लॅब निघाली होती. तिचा विचार त्यांच्या मनात आला असणार, कारण माझ्याही आला. पण ते बोलले ते वेगळंच.

"साहेब, लोकांच्या लेकीबाळींचे फोटो हायेत त्यात. हळदीचे, मेंदीचे. लोक माझ्या भरवशावर ठेवतात. धंदा जाऊ द्या, पर उद्या कुनी इचारलं तर काय तोंड दावू?"

इथं तरी मी थांबायला पाहिजे होतं. एखाद्यावर आळ घ्यायचा म्हणजे दहादा तपासायला पाहिजे. तो पत्ता नक्की कुठल्या मशीनचा, तिचं नाव काय, हे बघायला दोन मिनिटं लागतात. पण तेवढा दम कुणाला? मी थेट स्विचपाशी गेलो. कुठल्या भोकातला दिवा सगळ्यात जोरात लुकलुकतोय ते बघितलं. तिसऱ्या. तिसरी तार बोटानं धरून भिंतीच्या कडेकडेनं चालत आलो. आणि येऊन थांबलो.

नसरीनच्या टेबलापाशी.

विठ्ठल दारात येऊन उभा राहिला. बाहेरून कौसाबाईही डोकावल्या.

मुश्ताकभाई हळू आवाजात म्हणाले, "नसरीन बेटा, त्या नव्या लॅबवाल्यानं तुला बोलावलतं ना?"

"बोलावलतं, चाचा. मी न्हाई म्हनलं."

"मला कावून सांगितलं न्हाई?"

"न्हाईच म्हनलं तर सांगायचं काय?"

"मग हे काय हाय? साहेब म्हनायलेत तुझ्या टेबलावरून सगळी पेटी कॉपी व्हायलीय."

नसरीननं माझ्याकडं बघितलं. मी काय केलं असेल? हाताची घडी घातली. अगदी टीव्हीवरच्या तपास अधिकाऱ्यासारखी. आज ती घडी आठवली की झोपेतसुद्धा हात सोडतो.

"मी कशाला कॉपी करू?" ती म्हणाली. रडली नाही ती. "माझ्याकडं घरी कॉम्प्युटर तरी हाय का?"

मुश्ताकभाई म्हणाले, "तू दोन दिवस घरी राहा बेटा. साहेबांना तपास करू दे."

तिनं पर्स उचलली. दोन पावलं गेली. मग परत फिरली, पर्स टेबलावर आपटली आणि म्हणाली, "न्हाई जात. आज गेले तर उद्या गावात चोर म्हनूनच निघंल मी. आत्ता बगू." आणि तिनं आपला कॉम्प्युटर बंद केला. पडदा काळा झाला.

"साहेब, आता बगा. कॉपी थांबली का?"

मी बघितलं. आरिफ-शाहीन संपून आशा-महादेव चालू झालं होतं.

"थांबली नाही," मी म्हणालो.

"मग?"

कुणीही माणूस इथं म्हणाला असता, चुकलो बरं का ताई. मी काय म्हणालो? मी म्हणालो, "भाई, प्रकरण वाटलं त्यापेक्षा खोल आहे. हे बाहेरून चाललंय. यांच्या मशीनमध्ये कुणीतरी व्हायरस सोडलाय."

"बंद मशीनमंदी?" विठ्ठल दारातून म्हणाला.

"आजकाल काहीही होऊ शकतं!" मी त्याला झापलं.

नसरीन खाली वाकली आणि कॉम्प्युटरची तार त्या छोट्या डब्यातून उपटून माझ्यासमोर धरली. "आता?"

आशा-महादेव चालूच.

मग तिनं प्रिंटरची तार उपटली. "आता?"

आशा-महादेवचा सप्तपदीचा फोल्डर चालू होता.

"प्रिंटर पन चोर न्हाई," ती म्हणाली. "भिंतीकडं जानारी सोडली तर आता या डब्यात एकच तार राह्यली."

ती एक तार तिनं चिमटीत धरली आणि तिच्यामागं जायला लागली. टेबलाच्या पायावरून वर. टेबलाच्या कडेनं. तिच्या जेवणाच्या डब्याच्या मागून. माझ्या चहाच्या कपाला वळसा घालून. सगळ्यांच्या माना त्या तारेबरोबर वळत होत्या. माझीसुद्धा! मीही मोठ्या उत्सुकतेनं बघत होतो, हो, की आता चोर कोण निघतो.

तार माझ्या लॅपटॉपमध्ये जाऊन संपली.

नसरीननं माझ्याकडं बघितलं नाही. तिनं फक्त टकदिशी तार काढली.

दोन सेकंद गेले. आत कॉम्प्युटरवरचा अडकलेला व्हिडिओ आपोआप पळायला लागला आणि कौसाबाईंच्या घरची हलगी सगळ्या लॅबमध्ये वाजली. विठ्ठल आत पळाला. "चाललं! भाई, चाललं!"

आता एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली. मुद्दाम लपवली नाही हो. तेव्हा मलाच आठवत नव्हती. पहिल्या दिवशी काम झाल्यावर, निघता निघता माझ्या मनात आलं, एवढी लोकांची लग्नं या एका पेटीत, उद्या माझ्या हातून एखादं बटण चुकीचं दाबलं गेलं तर? जबाबदार माणूस आहे मी! म्हणून लॅपटॉपला सांगून ठेवलं, की हा सर्व्हर दिसला रे दिसला की त्याच्यावरचं सगळं गुपचूप कॉपी करून घ्यायचं. आणि सांगितलेलं विसरून गेलो.

लॅपटॉप विसरला नाही. मी तार जोडली की तो कामाला लागायचा. मी जेवायला उठलो की कॉपी अर्धवट राहायची, आणि परत आलो की पठ्ठ्या पहिल्यापासून, अंकुश-अर्चनापासून सुरू! नवा हायवे मी बांधला आणि त्यावरून सगळा दिवस एकटाच गाडी पळवत होतो. वरून त्या वाढवलेल्या मेमरीत पोरींच्या रोजच्या फाईली राहायला हव्या होत्या, तर तिथं माझ्या लॅपटॉपनं मागितलेला माल भरत होता. म्हणजे मेमरी माझी, रस्ता माझा, आणि दुकान त्यांचं बंद.

हे सगळं मी मुश्ताकभाईंना सांगितलं. चहा समोर होता, पण हात लावायची हिंमत होईना.

मुश्ताकभाईंनी माझ्या बॅगेकडं बघितलं. मग म्हणाले, "म्हंजे माझ्या गिऱ्हाइकांची लग्नं तुमच्या बॅगेत बीडला जात व्हती?"

"अर्धीच, भाई. पूर्ण कॉपी एकदाही झाली नाही."

हे मी स्वतःच्या बचावासाठी बोललो, आणि बोलल्यावर कळलं, की चोराचीसुद्धा इज्जत राहिली नाही. साधी चोरीही मला धड जमली नव्हती.

विठ्ठल आतून म्हणाला, "भाई, चोर सापडला म्हनायचं का मग?"

"सापडला," मुश्ताकभाई म्हणाले. "त्याला चहा पाजा, थंड झालाय."

ते हसले असते तर बरं झालं असतं. ते हसले नाहीत. उठून नसरीनपुढं गेले आणि म्हणाले, "बेटा, माझी चूक झाली. सहा वर्षं बगतोय तुला, आन् एका तारेवर भरोसा ठिवला."

नसरीननं नुसती मान हलवली. डोळ्यांतलं पाणी आत्ता आलं.

मग मी उठलो. आयुष्यात पुष्कळांची माफी मागितली आहे, पण ती फोनवर. 'सॉरी, उद्या येतो' अशी. समोर उभं राहून, सगळ्यांदेखत, हात जोडून मागायची पहिलीच वेळ. "ताई, चुकलो," मी म्हणालो. "तुम्ही दुसऱ्याच दिवशी सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. वर विनोद केला."

ती डोळे पुसून म्हणाली, "विनोद चांगला व्हता साहेब. पर आजारी आमी व्हतो."

मी म्हटलं, सगळे फोटो आत्ताच्या आत्ता पुसतो. ती म्हणाली, "माझ्यासमोर पुसा." खुर्ची ओढून शेजारी बसली. एकेक फोल्डर उघडायचा, तिनं बघायचा, मी पुसायचा. एका फोल्डरवर तिनं हात धरला.

"थांबा. हे माझ्या बहिनीचं लग्न हाय!"

मी मान वर केलीच नाही.

"यातला एक फोटो परवा माझ्या हातनं पेटीतनं पुसला गेलता," ती म्हणाली. "अब्बा रडताना निघालता. मला वाटलं, गेला त्यो कायमचा. तुमच्याकडं हाय." तिनं तो फोटो परत पेटीत ठेवला, आणि मग म्हणाली, "आता पुसा."

त्या चोरीतून तेवढं एक बरं निघालं. त्याचं श्रेय घ्यायचं मी टाळलं. इतकी अक्कल तोवर आली होती.

व्हिडिओ गुरुवारी दुपारीच तयार झाला. कौसाबाई न्यायला आल्या तेव्हा मी शेवटचं आवरायला गेलो होतो. लॅपटॉप बॅगेत, बॅग बाहेर मोटारसायकलला! विठ्ठलनं त्यांना म्हाताऱ्याचा नाच दाखवला. धोतराचा सोगा तोंडात धरून, हलगीवर, काय नाचला होता तो! कौसाबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या आणि रडत होत्या. जाताना मला म्हणाल्या, "साहेब, लई कष्ट घेतले तुमी. रोज येऊन बसायचे."

बाकीच्यांनी एकमेकांकडं बघितलं. कुणी काही बोललं नाही. त्या लॅबच्या माणसांचा मोठेपणा तो.

निघताना मी नसरीनला सर्व्हरचं सगळं समजावून दिलं. मेमरी कुठं बघायची, कोण किती ओढतंय ते कसं बघायचं, आणि पत्ता दिसला की आधी त्याचं नाव कसं काढायचं. शेवटचं तिनं दोनदा विचारून घेतलं. आता पेटी तीच बघते, आणि मला बोलवायची वेळ अजून तिच्यावर आलेली नाही.

महिना-दीड महिना झाला असेल. घाटनांदूरहून एका फोटोग्राफरचा फोन आला. ओळख ना पाळख. त्याचीही छोटी लॅब आहे, चार कॉम्प्युटर.

"साहेब, गेवराईला मुश्ताकभाईकडं गेलतो. काय पळतीय हो त्येंची पेटी! इचारलं तर म्हनले, बीडच्या साहेबांमुळं झालं. आमचीबी लई हळू चालायलीय. तिथं काय केलं तुमी?"

आता थाप मारावी का? मेमरी, स्विच, तुकड्यांचे आकडे, सगळं सांगता आलं असतं. खोटंही नव्हतं. पण तेवढ्यात नसरीनच्या चिमटीतली ती तार डोळ्यांसमोर आली.

"खरं सांगू का," मी म्हणालो, "बाकी सगळं किरकोळ होतं. खरा फरक पडला, तो मी तिथं जायचं बंद केल्यावर."

पलीकडून तो माणूस अगदी मनापासून म्हणाला,

"मग साहेब, आमच्याकडंबी तेवढंच करा."